बूट आणि ठेका

लंडनला मावशीकडे गेले की जेवणाआधी काकांच्या रेकॉर्ड प्लेअरपाशी बसायचं, हा आमचा जुना शिरस्ता आहे. काकांकडे एचएमव्हीच्या जुन्या रेकॉर्डी आहेत, बरीचशी नाट्यगीतं, थोडी भावगीतं, कव्हरांचे फाटलेले कोपरे सेलोटेपनं नीट चिकटवलेले. गेल्या खेपेला एका संध्याकाळी मी माझी रेकॉर्ड लावली. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानातून त्याच दुपारी आणली होती, ट्रोजन कंपनीनं काढलेल्या जमैकन गाण्यांचं संकलन. दोनतीन गाणी झाल्यावर ‘लिक्विडेटर’ लागलं. हॅरी जे ऑल स्टार्सचं, १९६९ सालचं. त्यात गाणारं कोणीच नाही. विन्स्टन राइटचा हॅमंड ऑर्गन एक छोटीशी धून पुन्हापुन्हा घोळवत राहतो आणि खाली बास, म्हणजे खर्जातली गिटार, संथपणे फिरत असतो. काकांनी पेपर बाजूला ठेवला. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चालायला लागली. तरुणपणी ते दादरला तबला शिकलेले आहेत, त्यामुळे कुठलंही वाद्य ऐकलं की आधी मात्रा मोजतात. “कहरवाच आहे की,” ते म्हणाले, “पण हा गिटारवाला मात्रेवर काही येत नाही बघ. दोन मात्रांच्या मधेच हळूच टिचकी मारून जातो.” मग मान डोलवत त्यांनी कव्हर हातात घेतलं. कव्हरवर एका पोराचा फोटो होता. केस बारीक कापलेले, खांद्यावरून गॅलिस, जीन्स घोट्याच्या वर दुमडलेली आणि पायात गडद लाल बूट, लेस पार वरपर्यंत ताणून बांधलेल्या. काकांची बोटं थांबली.

“बंद कर गं हे,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

मी बंद केलं. मावशीनं पानं वाढली. आमटी चांगली झाली होती, भेंडी जरा चिकट झाली होती, लेकीच्या घराचं कर्ज, भारतातल्या कोणाकोणाची गुडघ्याची ऑपरेशनं असं सगळं बोलणं झालं, पण रेकॉर्डीचा विषय कोणी काढला नाही. मी मात्र रात्रभर त्यातच होते. कव्हरवरचा फोटो काकांना काय सांगून गेला, ते मला कळलं होतं. त्याआधीची दोन मिनिटं काकांना त्या संगीतानं काय दिलं, तेही मी पाहिलं होतं. या संगीतावर माझं फार वर्षांचं प्रेम आहे आणि त्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक तयार उत्तर असतं: हे बूटवाले स्किनहेड म्हणजे ते वंशद्वेषी गुंड नव्हेत, खरे स्किनहेड वेगळे होते, वंशद्वेष नंतर आला. उत्तर माझ्या ओठांवर होतं. काकांसमोर ते का निघालं नाही, याचा विचार मी त्या रात्री करत राहिले आणि अजूनही करते आहे.

उत्तर खोटं नाही. आपल्याकडे स्किनहेड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गुळगुळीत डोक्याचा, नाझी खुणा गोंदवलेला, परदेशी माणूस दिसला की धावून जाणारा गुंड. बातम्यांनी आणि सिनेमांनी हे एकच चित्र आपल्याला दिलं. पण १९६९च्या लंडनमध्ये ज्या पोरांना हे नाव पडलं त्यांची डोकी गुळगुळीत नव्हती. न्हाव्याच्या मशीनला लावायच्या पट्टीचा नंबर सांगून केस बारीक करून घ्यायचे, इतकंच. ही कामगारांची मुलं. गोदी, कारखाने, बाजारातली हमाली, वर्कशॉप अशा ठिकाणी पंधरासोळाव्या वर्षी चिकटलेली. त्याच काळात दुसरीकडे लांब केसांची, फुलाफुलांचे सदरे घालणारी सुखवस्तू घरची हिप्पी मंडळी होती. या पोरांना त्यांच्यासारखं दिसायचं नव्हतं. आपण कष्टकरी आहोत हे यांना अंगावर मिरवायचं होतं. डॉक्टर मार्टेन्सचा आठ भोकांचा बूट १ एप्रिल १९६० रोजी नॉर्दम्प्टनशरमध्ये तयार झाला, त्या तारखेवरूनच त्याचं नाव १४६० पडलं. तो मुळात पोस्टमन आणि कारखान्यातल्या कामगारांचा बूट, दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी हवेची गादी असलेला तळवा. पोरांनी तो चकाचक पॉलिश करून नाचायला नेला. बेन शर्मनचा चौकड्यांचा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली चालायची नाही. शनिवारी रात्री तर सूट, उजेडात रंग बदलणाऱ्या मोहेर कापडाचा. गरिबीतला हा नीटनेटकेपणा मला फार जवळचा वाटतो. गिरणगावातल्या माझ्या आजोबांचा एकुलता एक पांढरा सदरा असाच कडक असायचा.

आणि हे सगळं नटूनथटून ऐकायला जायचे ते जमैकन संगीत. जून १९४८मध्ये ‘एम्पायर विंड्रश’ जहाज टिलबरी बंदराला लागलं तेव्हापासून कॅरिबियन बेटांवरची माणसं ब्रिटनमध्ये येत होती. परवडणारी घरं एकाच वस्तीत, त्यामुळे गोऱ्या कामगारांची आणि जमैकन कामगारांची मुलं एकाच शाळेत, एकाच रस्त्यावर वाढली. किंग्स्टनच्या गल्ल्यांतले ‘रूड बॉइज’, म्हणजे तोकडी पँट, छोटी हॅट घालणारे ऐटबाज, जरा वांड तरुण, यांची छाप या गोऱ्या पोरांवर पडली ती अशी शेजारातून. तिकडे जमैकाला ऑगस्ट १९६२मध्ये स्वातंत्र्य मिळालं, स्का नावाचं उड्या मारणारं संगीत त्या उत्साहाचा आवाज होतं. साधारण १९६६च्या सुमाराला त्याची लय उतरली आणि रॉकस्टेडी आलं. १९६८पर्यंत त्याचं रेगे झालं. किंग्स्टनला ध्वनिमुद्रित झालेलं गाणं काही आठवड्यांत लंडनच्या बाजारातल्या छोट्या दुकानांत मिळायचं. एप्रिल १९६९मध्ये डेस्मंड डेकरचं ‘इझ्रायलाइट्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही रेडिओवाल्यांनी या संगीताला फारसं जवळ केलेलं नसताना. ते विकत घेणाऱ्यांत जमैकन होतेच, पण आकडा वर चढवला तो या बारीक केसांच्या पोरांनी. मग जमैकन गायकांनीही त्यांच्यासाठी मुद्दाम गाणी केली. सिमॅरिप या काळ्या वादकांच्या बँडचं ‘स्किनहेड मूनस्टॉम्प’ तर बूट आपटत नाचायचं गाणं म्हणूनच आलं. म्हणजे ‘स्किनहेड’ शब्द अभिमानानं गाणारे पहिले आवाज काळ्या माणसांचे होते.

ही गाणी ज्या कंपनीनं घराघरांत नेली, तिच्या मालकाबद्दल मला जेव्हा पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ते वाक्य पुन्हा वाचलं होतं. ट्रोजन रेकॉर्ड्स १९६८मध्ये उभी राहिली ती ख्रिस ब्लॅकवेल आणि ली गोपथल या दोघांच्या भागीदारीतून. गोपथल किंग्स्टनला जन्मलेला, भारतीय वंशाचा. ऊसमळ्यांवर राबायला १८४५पासून पुढची सत्तर वर्षं सुमारे ३६ हजार माणसं भारतातून जमैकात नेली गेली, त्यांच्यातल्या कोणाचा तरी हा वंशज. लंडनला आला, हिशेबनिसाचं काम करू लागला. किलबर्नमध्ये त्याच्या मालकीच्या इमारतीत ब्लॅकवेलची आयलंड कंपनी भाडेकरू म्हणून आली आणि तिथून तो या धंद्यात पडला. दुकानं काढली, रेकॉर्डी पोचवायचं जाळं विणलं. कंपनीचं नाव आलं किंग्स्टनच्या ड्यूक रीडकडून. आधी पोलिसात असलेला, नंतर दारूचं दुकान चालवणारा हा गडी ट्रोजन बनावटीच्या ट्रकवर आपले अवाढव्य स्पीकर लादून गावभर फिरायचा. डेकरच्या त्या गाण्याचा निर्माता लेस्ली काँग, तो चिनी वंशाचा जमैकन. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे, चीनहून आलेल्यांचे आणि आपल्या गिरमिटियांचे वंशज, या सगळ्यांनी मिळून केलेलं संगीत लंडनच्या गोऱ्या कामगार पोरांनी डोक्यावर घेतलं. इतकं सुंदर आहे हे. इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला कोणी झोपेतून उठवलं तरी मी सांगेन.

पण गोष्ट इथंच थांबवून चालत नाही.

प्रेमानं सांगितल्या जाणाऱ्या आवृत्तीत पुढे असं येतं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाझी विचारांच्या लोकांनी हा पोशाख पळवला, आणि त्याआधी सगळं निर्मळ होतं. काका लंडनला आले १९६९च्या शेवटी आणि अशाच पोरांकडून त्यांना मार बसला तो १९७०मध्ये. तेव्हा अजून कोणी काही पळवलेलं नव्हतं. ज्या वर्षी हीच पोरं डेकरच्या गाण्यांवर नाचत होती, त्याच वर्षी ‘पाकी-बॅशिंग’, म्हणजे ‘पाकी’ दिसला की बडवायचा, हा शब्द ब्रिटिश वर्तमानपत्रांत रुळला. पाकिस्तानी, बंगाली, पंजाबी, मराठी हा फरक कोणी विचारत नव्हतं. तपकिरी माणूस एकटा दिसला की पुरे. एप्रिल १९७०मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली नावाचे पूर्व पाकिस्तानातून आलेले गृहस्थ रात्री हॉटेलातलं काम संपवून घरी निघाले होते, त्यांचा खून झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, २० एप्रिल १९६८ला, बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं आणि त्याला पाठिंबा द्यायला लंडनचे गोदी कामगार मोर्चा घेऊन संसदेवर गेले होते. या पोरांपैकी कित्येकांचे बाप आणि काका त्याच गोदीत राबत होते. घरात जेवताना तेच बोलणं, शनिवारी रात्री नाचायला जमैकन गाणं, आणि परतताना एखाद्या अंधाऱ्या रस्त्यावर एखादा तोसिर अली.

हे एकाच पोराच्या आत कसं राहत असेल, याचा मी बराच विचार केला आहे. जमैकन शेजारी वर्गात बाजूला बसायचा, फुटबॉल खेळायचा, इंग्रजीतच शिव्या द्यायचा, हाणामारीत परतून ठोसा मारायचा. त्याचे कपडे, त्याची गाणी, त्याची चालण्याची ढब हवीहवीशी होती. आपली माणसं वेगळी राहायची. घरात दुसरी भाषा, डब्यात दुसरा वास, पबमध्ये जायचं नाही, पोलिसांत तक्रार करायची नाही, पगारातले पैसे साठवून घर घ्यायचं. ती दुबळी समजली गेली आणि तरीही वर चढताना दिसली. सगळे स्किनहेड यात होते असं मुळीच नाही, बहुसंख्य पोरांना नाच, कपडे आणि फुटबॉल यापलीकडे काही नको होतं. पण जे होते ते बाहेरून घुसलेले नव्हते. काळ्या संगीतावर जीव होता म्हणजे मनात वंशद्वेष नव्हता, हे गणित मला मान्य नाही. एका शेजाऱ्याची गाणी पाठ असताना दुसऱ्या शेजाऱ्याचे दात पाडता येतात. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की ज्यानं त्यांना ही गाणी विकली तो ली गोपथल रात्री उशिरा एखाद्या बसथांब्यावर एकटा उभा असता, तर त्या पोरांना त्याच्यात आणि माझ्या काकांत काहीही फरक दिसला नसता.

पुढचा काळ मी भराभर सांगते, कारण तो पुष्कळांना ठाऊक आहे. १९७२च्या सुमाराला पहिली लाट ओसरली, पोरांनी केस वाढवले, लग्नं केली. १९७७च्या आसपास पंक या आक्रमक रॉक संगीताबरोबर स्किनहेड पुन्हा आले, या वेळी केस आणखी बारीक, बूट आणखी उंच, हाताला काम नाही. नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षानं फुटबॉलच्या मैदानांबाहेर आणि गाण्याच्या कार्यक्रमांत हीच पोरं हेरली. शॅम ६९सारखा बँड वंशद्वेषाविरुद्ध बोलत राहिला तरी त्यांच्या कार्यक्रमांत हे लोक घुसून धिंगाणा घालायचे. स्क्रूड्रायव्हर हा लँकेशरचा साधा पंक बँड. त्याच्या गायकानं, इयन स्टुअर्टनं, १९८२ला तो नव्यानं उभा केला तो उघड नाझी म्हणून, आणि १९८७मध्ये ‘ब्लड अँड ऑनर’ नावाचं नाझी बँडांचं जाळं काढलं. त्यांच्या संगीतात जमैकाचा एक कणही उरला नव्हता. लय नाही, बास नाही, नुसता आरडाओरडा. हे जाळं अमेरिकेपर्यंत पसरलं. ५ ऑगस्ट २०१२ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात ज्यानं गोळीबार केला, तो अशाच गोऱ्या वर्चस्ववादी बँडांमध्ये वाजवणारा माणूस होता.

पश्चिम लंडनमधल्या पंजाबी वस्तीच्या साउथॉलबद्दल मात्र भराभर बोलता येत नाही. ३ जुलै १९८१च्या संध्याकाळी तिथल्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या पबमध्ये तीन बँडांचा कार्यक्रम होता: फोर-स्किन्स, लास्ट रिझॉर्ट आणि द बिझनेस. बाहेरून बसगाड्या भरून स्किनहेड आले. ब्रॉडवेवरच्या पंजाबी दुकानांच्या काचा फुटल्या, बायकांना छेडलं गेलं. हेच साउथॉल, जिथं १९७६च्या जूनमध्ये गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाला रस्त्यात भोसकून मारलं होतं. जिथं २३ एप्रिल १९७९ला नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शनं करताना पोलिसांच्या मारानं ब्लेअर पीच हा शिक्षक गेला होता. त्या संध्याकाळी साउथॉलची पोरं घरात बसली नाहीत. शेकड्यांनी जमली आणि पब जाळून टाकला. बँडवाले नंतर सांगत राहिले की आम्ही नाझी नाही, आमची गाणी कामगारांच्या हालांबद्दल आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हे खरंही होतं, द बिझनेस तर पुढे उघडपणे वंशद्वेषविरोधी कार्यक्रम करत राहिला. पण ज्या रस्त्यावर एवढं घडून गेलं, तिथं त्या पोशाखातली गर्दी बसगाड्यांतून उतरवायची आणि वर माझ्या मनात काय आहे ते बघा म्हणायचं, हे मला पटत नाही. फुटलेल्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या दुकानदारानं कोणाच्या मनात कसं डोकवायचं?

दोनतीन दिवसांनी काकांनीच विषय काढला. आम्ही दोघं मागच्या अंगणात मेथीच्या वाफ्यापाशी बसलो होतो. “ती तुझी रेकॉर्ड,” ते म्हणाले, “ती धून मला माहीत होती.” आल्या आल्या त्यांना एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम मिळालं होतं. खाली यंत्रांवर एक जमैकन माणूस होता, वयानं दहा वर्षांनी मोठा. त्याच्याकडे छोटा ट्रान्झिस्टर होता आणि जेवणाच्या सुट्टीत तो लावायचा. त्या हिवाळ्यात ही धून सारखी लागायची. दोघं डबा खाता खाता टेबलावर ताल धरायचे; काकांनी त्याला कहरव्याचे बोल शिकवले होते, धा गे ना ती, ना के धी ना, आणि तो ते स्वतःच्या ठेक्यात बसवून दाखवायचा. “मला वाटलेलं, चला, या देशात ताल धरणारी माणसं आहेत.” मग १९७०च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी पगार घेऊन घरी येताना स्टेशनाबाहेरच्या बोळात चारपाच पोरं आली. बूट त्यांनी जमिनीवरून पाहिले, बरगड्यांच्या उंचीवरून. लेस कशा बांधल्या होत्या ते अजून सांगतात. पैसे घेतले नाहीत, हे त्यांना फार लागलं होतं. “चोर असते तर कळलं असतं गं. त्यांना माझं काहीच नको होतं.” पोलिसांत ते गेले नाहीत, मावशीला पत्रातून कळवलंही नाही, तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं.

सोमवारी कारखान्यात त्या जमैकन मित्रानं चेहरा बघितला आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो काकांना स्टेशनापर्यंत सोडायला येऊ लागला. स्वतःची बस उलट्या दिशेला असताना. एकदा तीच पोरं कोपऱ्यावर उभी होती. काका म्हणाले, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि माझ्या मित्राला हात केला. ओळखीचं हसले, एका गाण्याचं नाव घेऊन काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, काकांचं कोपर धरलं आणि चालत राहिला. “त्याच्यासाठी ती पोरं वाईट नव्हती,” काका म्हणाले. “शेजारचीच होती. त्याला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि मला त्याची लाज बघवेना.” तेव्हापासून ते गाणं लागलं की काका डबा घेऊन वर ड्रॉइंग ऑफिसात जाऊन बसायचे. मित्रानं कधी का म्हणून विचारलं नाही.

माझ्याकडचं तयार उत्तर त्या रात्री का निघालं नाही, ते मला अंगणात समजलं. त्या उत्तरात काळे आहेत आणि गोरे आहेत. काका त्यात कुठेच नाहीत.

तरीही मी हे संगीत सोडलेलं नाही आणि ते सोडावं असं काकाही म्हणाले नाहीत. त्या पोशाखाच्या आतूनच झुंज देणारी माणसं झाली, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. १९७९मध्ये कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सनं टू टोन ही कंपनी काढली, काळ्यापांढऱ्या चौकड्यांची तिची खूण. द स्पेशल्स या तिच्या बँडात सात जण, त्यातले लिनवल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेले. जुन्या स्काला पंकची धग देऊन ते वाजवायचे आणि समोर स्किनहेडांची गर्दी असायची, चांगलीवाईट दोन्ही. गर्दीतून नाझी घोषणा आल्या की वाजवणं थांबवायचे. १९८१च्या वसंतात कॉव्हेंट्रीत सतनाम गिल या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा भर दिवसा खून झाला, तेव्हा २० जूनला स्पेशल्सनी त्यांच्या गावात वंशद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. चौकड्यांत तपकिरी रंग नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी वाजवलं. साउथॉलचा पब जळाला त्यानंतर आठवडाभरात त्यांचं ‘घोस्ट टाउन’ पहिल्या क्रमांकावर गेलं, बंद पडलेल्या क्लबांचं आणि बेकार पोरांचं गाणं, आणि तेव्हा देशातली अर्धी शहरं दंगलीनं पेटलेली होती. १९८७ला न्यूयॉर्कमध्ये काही स्किनहेडांनी ‘शार्प’ ही वंशद्वेषविरोधी संघटना सुरू केली. कार्डिफच्या द ऑप्रेस्ड बँडचा रॉडी मोरेनो तिथं जाऊन आला आणि ब्रिटनमध्ये ती रुजवताना त्यानं तिच्यासाठी खूण निवडली ती ट्रोजन रेकॉर्ड्सच्या लेबलवरचं शिरस्त्राण. नाझी स्किनहेडांशी रस्त्यावर भिडणाऱ्या पोरांच्या जॅकेटवर गोपथलच्या कंपनीचा बिल्ला, हे मला फार आवडतं.

परतण्याआधी मी उत्तर लंडनमधल्या एका पबच्या माडीवर जुन्या रेगेच्या कार्यक्रमाला गेले होते. साठी उलटलेली माणसं, गॅलिस, चकचकीत बूट. बायकांचे केस डोक्यावर बारीक आणि कानांपुढे, मानेवर लांब बटा, त्या काळच्या स्किनहेड मुलींसारखे. हॅट घातलेला एक काळा गृहस्थ सात इंची रेकॉर्डी एकेक करून पेटीतून काढत होता, लेबल दिव्याखाली धरून वाचत होता. सगळे बूट एकदम आपटले की लाकडी जमीन पायांखालून उचलल्यासारखी व्हायची. शेजारी बसलेल्या, शार्पचा बिल्ला लावलेल्या एका माणसाला मी १९७०बद्दल विचारलं. त्यानं वेळ घेतला. मग म्हणाला, मी मारलं नाही, पण पळत मी पण गेलो होतो त्यांच्याबरोबर, आणि आमच्यातला जो कोणी म्हणतो की असं नव्हतंच, तो खोटं बोलतो. त्याच्याबद्दल मला आदर वाटला, आणि त्याच वेळी माझी खुर्ची मी थोडी मागे सरकवली. दोन्ही एकदमच झालं.

काकांची नात आता कॉलेजला हेच बूट घालून जाते, काळे. ते दारात काकांच्या वहाणांशेजारी पडलेले असतात. गडद लाल घेऊ नकोस, एवढंच काकांनी तिला सांगितलं होतं. तिला कारण माहीत नव्हतं, तिनं विचारलंही नाही. मी तिला सगळं सांगितलं, डेकरपासून तोसिर अलींपर्यंत, आणि ती म्हणाली की मग ऐकव ना. तिला जी यादी करून दिली तीच इथं देते. सुरुवात ‘इझ्रायलाइट्स’पासून करा, शब्द नाही कळले तरी चालतील, भल्या पहाटे उठून राबणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते. मग टूट्स अँड द मेटल्सचं ‘५४-४६’, तुरुंगातल्या कैद्याच्या क्रमांकावरचं. मग ‘मूनस्टॉम्प’, उभं राहूनच. त्यानंतर बारा वर्षं पुढे येऊन ‘घोस्ट टाउन’. ‘लिक्विडेटर’ शेवटी ठेवा आणि गिटार मात्रांच्या मधे कुठं पडते ते बोटांवर मोजून बघा. एवढं करा, की फोनवर ऐकू नका. मोठा स्पीकर शोधा, कोणाकडून तरी मागून आणा. या संगीताचा जीव बासमध्ये आहे आणि फोनमधून बास येतच नाही.